काकूंना काय आवडतं?

दिवाळीची साफसफाई निघाली की माझा फोन वाजायला लागतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडदुकानाच्या पिशव्या निघतात. त्या पिशव्यांत साड्या नसतात, रिपोर्ट असतात. रक्ताचे, लघवीचे, छातीच्या फोटोचे, कुणाच्या तरी बाळंतपणाचे. घरातली सून ती पिशवी हातात धरून मला विचारते, "सिस्टर, हे टाकून देऊ का?" आणि मी जळोचीतल्या माझ्या घरातून ओरडते, "हात लावू नकोस, मी आले!"

मी नर्स होते. बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर ही बाई आता पोथी वाचेल, भिशीला जाईल, असा घरच्यांचा अंदाज होता. माझाही होता. पण नोकरीत एक गोष्ट मला सतत छळायची. पेशंट स्ट्रेचरवरून आत यायचा आणि सोबतच्या मंडळींना विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" की उत्तर यायचं, "एक पांढरी हाय, एक बारकी गुलाबी हाय." अहो, औषधाच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. "आधी काही ऑपरेशन झालंय?" "झालंय की, इंदापूरला." "कशाचं?" "पोटाचं." पोटात काय एकच अवयव असतो? ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदललं ते या लोकांना तोंडपाठ, आणि बापाच्या छातीत काय बिघडलंय त्याचा पत्ता नाही. माझा स्वभाव तसा तापट. वॉर्डात मी यावरून पुष्कळ जणांना फैलावर घेतलंय, पण त्यानं फाईल काही तयार होत नसे.

म्हणून मी आता घरोघरच्या फाईली लावून देते. पैसे घेत नाही. लोक मात्र रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, त्यामुळं आमच्या घरी भाजी विकत आणायची वेळ फारशी येत नाही.

काम अगदी साधं आहे. प्रत्येक माणसाची वेगळी फाईल. सगळ्यात वर आज कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची नावं. त्यामागं आजवरचे आजार आणि ऑपरेशनं, जुन्यापासून नव्यापर्यंत. मग एक लाल कागद, त्यावर या माणसाला कुठलं औषध चालत नाही ते ठळक अक्षरांत. एवढं कुणीही हुशार माणूस करू शकतो. शेवटचं पान मात्र माझं स्वतःचं. त्यावर माणूस लिहायचा. पुढं कधी त्याचं बोलणं गेलं, भ्रम झाला, तो अंथरुणाला खिळला, तर सांभाळणाऱ्याला काय माहीत असायला हवं? कुठल्या कुशीवर झोप लागते, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, कुणाचा शब्द ऐकतो, शेवटचे दिवस घरी काढायचेत की दवाखान्यात.

या पानापाशी आलं की घरातली म्हातारी माणसं बिथरतात. "सिस्टर, सणासुदीचं काय अभद्र इचारताय?" मी म्हणते, "छत्री विकत घेतली म्हणून पाऊस पडतो का हो?" मग हसतात आणि सांगायला लागतात. एकदा सुरू झाले की थांबवावं लागतं.

गिऱ्हाईकंही एकेक भेटली. एका घरात ग्रहण बघण्यासाठी आजोबांच्या छातीच्या फोटोचे चौकोनी तुकडे करून आळीत वाटले होते. इंदापूरला एक किराणा दुकानदार आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. फार टापटिपीचा माणूस. त्यांनी आपला प्रत्येक कागद लॅमिनेट करून ठेवला होता, औषधाच्या बिलांसकट. मोठ्या अभिमानानं त्यांनी गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. त्यात ईसीजीचे कागद काळेठिक्कर. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटतो, लॅमिनेशनच्या तापलेल्या मशीनमध्ये घातला की सगळाच काळा पडतो, हे बिचाऱ्यांना कोण सांगणार? चाचा तो कागद उजेडात धरून म्हणाले, "सिस्टर, माझं काळीज एवढं काळं न्हाय हो." तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, ईसीजीची आधी झेरॉक्स काढा.

एका गोष्टीची खंत मात्र आहे. आमच्याकडं माणूस गेला की त्याच्या अंथरुणाबरोबर त्याची फाईलही नदीला जाते, नाहीतर जाळात जाते. आजारपण घरात मागं राहू नये, अशी समजूत. त्यामागचं दुःख मला कळतं. पण बाप कशानं गेला हे पुढं लेकाच्या डॉक्टरला विचारावंच लागतं, आणि तेव्हा सांगणारं कुणी नसतं. या बाबतीत मी पुष्कळ ठिकाणी हरले आहे.

असो. आज सांगायचंय ते काटेवाडीच्या एका घराचं.

त्या घरची सून वर्षा, तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी वॉर्डात होते, त्यामुळं तिच्याकडं माझा नंबर. तिचा फोन आला तो साफसफाईसाठी नव्हता. तिच्या सासऱ्यांची साखर एकाएकी उतरली, ते गोठ्यात चक्कर येऊन पडले, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरे होऊन घरी आले होते. "आईंनी साखरेची गोळी दोनदा दिली, सिस्टर," वर्षा म्हणाली. "दिलेली विसरल्या आणि परत दिली."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. ऊस, भाजीपाला, गोठ्यात गाई, असं खातंपितं घर. वर्षाचे सासरे, म्हणजे आबा, अंगापिंडानं भक्कम, डोक्याला पांढरी टोपी, आवाज शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा. मी विचारलं, "आबा, तुमच्या गोळ्या कुठल्या?"

त्यांनी उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढं पसरला. "हितं ठिवती ती. मी गिळतो."

ती म्हणजे त्यांची बायको, शालनकाकू. रोज पाण्याचा तांब्या घेऊन त्या यायच्या, आबांच्या तळव्यावर गोळ्या ठेवायच्या आणि गिळेपर्यंत उभ्या राहायच्या. कितीतरी वर्षं हेच चाललेलं. आबांना गोळीचं नाव सोडा, ती कशासाठी आहे हेही ठाऊक नव्हतं. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. घरात फाईल असते, पण ती बाईच्या डोक्यात असते.

आणि या घरातली ती फाईल आता पुसली जात होती. आबांच्या निमित्तानं डॉक्टरांनी काकूंनाही तपासलं होतं. त्यांना विसरण्याचा आजार लागला होता. हळूहळू वाढणार, मागं फिरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून मी रोज सकाळी काटेवाडीला जाऊ लागले. सकाळी काकूंचं डोकं चांगलं चालायचं, दुपार कलली की गोंधळ सुरू व्हायचा. आम्ही दोघी अंगणात मेथी निवडत बसायचो. हात कामात असले की बाईमाणूस मोकळं बोलतं, हे मला वॉर्डातल्या अनुभवानं माहीत होतं.

काय काय निघालं म्हणून सांगू! एके सकाळी काकू सहज म्हणाल्या, "ह्यास्नी ती पेनसिलीनची सुई न्हाय चालत. पायात खिळा घुसला व्हता तवा दिली, तर तोंड भोपळ्यावानी सुजलं. वालचंदनगरला न्हेलं म्हनून वाचलं."

आबा शेजारी बाजेवर बसले होते. ते चकित झाले. "मला कसं म्हायीत न्हाय?"

"तुमी बेसुद व्हता," काकू म्हणाल्या आणि मेथीची पुढची जुडी सोडायला लागल्या.

लाल कागदावर लिहिलेली ती ओळ उद्या आबांचा जीव वाचवू शकते. लेकाला लहानपणी तापात झटके यायचे, नातवाला कुठल्या दुधानं पुरळ उठतं, सगळं काकूंनी सांगितलं. वर्षाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हिला ती अंगदुखीची गोळी देऊ नगा, अंगावर पित्त उठतं. नवी नवरी व्हती तवा उठलं व्हतं." वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटायचं, त्या दिवसांत सासूचं तिच्याकडं लक्षच नव्हतं.

घरातल्या सगळ्यांच्या फाईली पुऱ्या झाल्या. राहिली एकच, काकूंची. आजार, गोळ्या, सगळं लिहून झालं आणि आम्ही शेवटच्या पानाशी आलो.

मी विचारलं, "काकूंना खायला काय आवडतं?"

"तिला कायबी चालतं," आबा म्हणाले.

"कुठल्या कुशीवर झोपतात?"

"झोपती की. आमच्या आधी कुठं झोपती ती?"

"भीती कशाची वाटते?"

"तिला कशाची आलीया भीती?"

वर्षा हळूच म्हणाली, "आई सगळ्यांच्या मागनं जेवतात, सिस्टर. उरलं असंल ते. काय आवडतं ते मलाबी कधी कळलं न्हाय."

माझा पारा चढला. "आबा, चालतं ते जनावरालाही चालतं. आवडतं काय ते सांगा!"

आता आबाही चिडले. "जनावराचं म्हायीत हाय मला! कपिलेला भरडा भिजवूनच लागतो. चंद्रीला धार काढताना पाठीवर हात फिरवावा लागतो, त्याबिगर पान्हा सोडत न्हाय. ती बांडी कालवड अंधारात गोठ्यात..." आणि बोलता बोलता ते थांबले. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

मग ते काकूंकडं वळले. मी त्या घरात ऐकलेला त्यांचा सगळ्यात हळू आवाज तो. "शालन, तुला काय आवडतं गं?"

काकू लाजल्या. "मला काय आवडायचंय? तुमाला आवडतं तेच." एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

या पानाची एवढी काय घाई, असं वाचणाऱ्याला वाटेल. वॉर्डात मी असे पेशंट सांभाळले आहेत. सगळी आठवण गेली तरी जिभेची चव, मनातली भीती आणि अंगावरच्या हाताची ओळख फार उशिरापर्यंत शिल्लक असते. त्यावर त्यांना सांभाळता येतं. ते ठाऊक नसेल तर घास तोंडातून बाहेर येतो, अंगाला हात लावला की माणूस ओरडतो, आणि लोक म्हणतात, म्हातारी हट्टी झाली. काकू उद्या स्वतः सांगू शकणार नव्हत्या. आणि आज त्यांच्याखेरीज ते ठाऊक असलेलं कुणीही त्या घरात नव्हतं.

आबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मंदाला म्हायीत असंल." मंदा म्हणजे काकूंची धाकटी बहीण. तिचा नवरा वालचंदनगरच्या कारखान्यात होता, निवृत्तीनंतर ती तिथंच स्थायिक झालेली.

"मग लावा फोन," मी म्हणाले.

"ही काय फोनवर इचारायची गोष्ट हाय?"

पण जायलाही धजेनात. आमच्याकडं जावई बायकोच्या माणसांत आमंत्रणाशिवाय जात नाही. गेला तर मानानं बसतो, चहापाणी घेतो, चार गोष्टी उसाच्या बोलतो. तो विचारायला जात नाही, त्याला विचारतात. आणि हा प्रश्न तर असा की विचारणाराच उघडा पडावा. दोन दिवस आबांनी काढले. तिसऱ्या दिवशी धुवट धोतर नेसून तयार झाले आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुमीबी चला. माझ्या तोंडातनं निघालं न्हाय तर तुमी इचारा."

लेकानं गाडीतून आम्हाला नेलं. मंदाताईंनी "दाजी आलं, दाजी आलं" म्हणत नुसती धावपळ केली. खुर्ची, पाणी, चहा, पोहे. आबा पाऊसपाण्याचं बोलले, कारखान्याचं बोलले. पोहे संपले तरी प्रश्न येईना. मी तोंड उघडणार, एवढ्यात ते खाली बघत म्हणाले, "मंदा, शालनला लहानपणी खायाला काय आवडायचं गं?"

मंदाताईंना आधी कळलंच नाही. मग बहिणीचा आजार, माझी फाईल, सगळं आबांनीच अडखळत सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून रडल्या. आणि मग शांतपणे म्हणाल्या, "हुलग्याचं माडगं. गूळ घालून."

माडगं म्हणजे भाजलेल्या हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाची पातळ पेज. त्यांचं माहेर इंदापूरकडच्या जिरायती गावातलं, तिथं हुलगाच पिकायचा.

"मग आमच्यात तिनं कधी केलं कसं न्हाय?" आबांनी विचारलं.

"केलं व्हतं की, दाजी. लगीन झाल्यावर एकदा. तुमच्या आई म्हनाल्या, हुलगं आमच्यात बैलास्नी घालत्यात. आन तुमी हसला व्हता. तिनं मला सांगितलं, परत कदी करायची न्हाय."

आबांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. पण त्या माणसाला मी मानलं. ते उठून गेले नाहीत. म्हणाले, "अजून सांग."

मंदाताई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. लहानपणी काकू एकदा धान्याच्या खोलीत कोंडल्या गेल्या होत्या, तेव्हापासून बंद दाराची धास्ती. म्हणून त्या दाराकडं तोंड करून झोपतात. डोकं दुखलं तर कपाळाला हात लावू द्यायच्या नाहीत, तळपायाला तेल चोळलं की शांत व्हायच्या. आणि माहेरी त्यांना सुमी म्हणत. शालन हे नाव लग्नात सासरकडच्यांनी ठेवलेलं.

परतताना आबा गाडीत एकच वाक्य बोलले. "रोज रात्री दाराची कडी मीच लावतो, सिस्टर."

काटेवाडीत हुलगे कुणाकडं मिळेनात. शेवटी इंदापूरच्या चाचांना फोन केला, त्यांनी निवडून, भाजून, दळूनच पाठवले. वर्षानं मंदाताईंना विचारून माडगं केलं. आबांनी वाटी काकूंपुढं ठेवली. काकूंनी वास घेतला, आमच्याकडं पाहिलं, एक घोट घेतला. आणि म्हणाल्या, "गूळ कमी हाय."

वर्षा टाळ्या पिटायचीच बाकी होती. त्या घरात सून म्हणून आल्यापासून काकूंनी कशाला नाव ठेवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पुढं आबांनी मला सळो की पळो करून सोडलं. वेळी-अवेळी फोन. "सिस्टर, लिवून घ्या, तिला डोक्यावर पंख्याचा वारा नगं वाटतो." "सिस्टर, ती च्या बशीतनंच पिती, कपानं न्हाय." एकदा तर निव्वळ एवढं सांगायला फोन, की तिला अबोलीचा गजरा आवडतो आणि मोगऱ्यानं डोकं चढतं. शेवटच्या पानाला मला पुरवण्या जोडाव्या लागल्या. गोळ्यांची नावंही आबांनी पाठ केली, आधी तिच्या, मग स्वतःच्या. आता गोळी तेच तिच्या तळव्यावर ठेवतात आणि गिळेपर्यंत उभे राहतात.

घरी येऊन हे सगळं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि माझं स्वतःचं शेवटचं पान त्याच्यापुढं टाकलं. म्हटलं, लिही. निवृत्त मास्तर तो, चष्मा लावून बसला. त्यानं लिहिलं, 'राग लवकर येतो. उलट उत्तर देऊ नये. आल्याचा चहा द्यावा व समोरून बाजूला व्हावं.' वाचून मला राग आला. मास्तर उठले आणि आलं किसायला लागले.

मी या लोकांची फार ऋणी आहे. नोकरीत माणसं माझ्यासमोर यायची ती आजारी होऊन, अर्ध्या कपड्यांत, घाबरलेली. आता मी त्यांच्या अंगणात बसते आणि ती मला आपली भीती, आपली चव, आपली झोप विश्वासानं सांगतात. एवढा विश्वास मी कशानं कमावला, मला माहीत नाही. तो मिळाला, हे माझं भाग्य आहे. आबांचे तर उपकारच आहेत. चूक समजल्यावर या वयाला माणूस किती बदलू शकतो, ते मी त्यांच्यामुळं पाहिलं.

यंदा दिवाळीच्या आधी काटेवाडीला गेले होते. काकू आता कुणाला ओळखत नाहीत. लेकाला नाही, वर्षाला नाही, मला नाही. पण अंगावर मांस टिकून आहे, कपडे स्वच्छ, केस विंचरलेले, चेहरा शांत. बाजेवर दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. आबा पायाशी तेलाची वाटी घेऊन आले. आधी सांगितलं, "सुमे, पायाला हात लावतोय गं." काकूंनी मान हलवली. मग ते खाली बसून तळपायाला तेल चोळायला लागले.

मी काकूंच्या शेजारी टेकले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि आबांकडं बोट दाखवून कानात म्हणाल्या, "ह्यो कोन हाय, मला ठावं न्हाय. पर माझ्या म्हायेरचा असंल. माझं समदं म्हायीत हाय त्याला."

त्यांना वाटलं त्या हळू बोलल्या. आबांना ते ऐकू गेलं होतं. त्यांचे हात क्षणभर थांबले, आणि परत चालू झाले.

"व्हय," ते वर न बघता म्हणाले. "म्हायेरचाच हाय मी."